अर्ध्या तासाचा गोंगाट

ओकुझावा गावात ट्रॅक्टर घरोघरी होते, पण हात्सुएचा ट्रॅक्टर आला तर कुत्रंसुद्धा मान वर करत नसे. इतका हळू, इतका दबक्या आवाजात तो यायचा की बांधावरचा बगळा तो अगदी अंगाशी येईपर्यंत उडायचा नाही, आणि उडालाच तर उपकार केल्यासारखा उडायचा.

खरं तर ट्रॅक्टर तोच होता. तिचा नवरा एइसाकु तो चालवायचा तेव्हा डोंगरापलीकडच्या गावाला कळायचं की ओकुझावात नांगरट सुरू झाली. एइसाकुचा हातच जड. रेस वाढवली की वाढवली, खाली आणायची असते हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो शेतातून परत आला की हात्सुए दोन दिवस शेजारच्या फुमियोसानच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायची. मग गेल्या हिवाळ्यात एइसाकुच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पाय लांब करून ओसरीत बसायची पाळी त्याच्यावर आली आणि किल्ली हात्सुएच्या हाती आली. तिनं मनोमन ठरवलं, गावानं इतकी वर्षं सोसलं, आता आपल्याकडून कुणाच्या कानाला त्रास नको.

ट्रॅक्टरला एक खोड मात्र होती. अधूनमधून समोरच्या काचेत पिवळा दिवा लागायचा, इंजिनाचा आवाज बदलायचा आणि धुराड्यातून गरम उग्र वास यायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा फुमियोसानच्या गाद्या उन्हात पडलेल्या होत्या. त्यांना तो वास लागला तर? स्टिअरिंगच्या बाजूला एक बटण होतं. ते दाबलं आणि सगळं गपगार झालं. पुढच्या वेळी चिहायाचं तान्हं बाळ नुकतंच झोपलं असेल म्हणून दाबलं. त्याच्या पुढच्या वेळी देवळात संध्याकाळची प्रार्थना चालू होती. कारण शोधावं लागतच नव्हतं, कुणी ना कुणी जवळपास असायचंच. घंटा वाजली की हात जोडावेत तसा दिवा लागला की तिचा अंगठा बटणावर जायचा.

एइसाकुनं एकदा ओसरीतून विचारलंही होतं.

"तो पिवळा दिवा लागतो का गं?"

"लागतो की."

"मग?"

"मग मी बघते त्याचं."

"शहाणी आहेस," असं म्हणून त्यानं पुन्हा टीव्हीवरच्या बेसबॉलकडे तोंड वळवलं.

आता लावणी तोंडावर आली होती, आणि हात्सुएचा जीव वरच्या शेतात अडकला होता. देवळाच्या मागं, झऱ्याच्या खाली ते शेत. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत हट्टी. पण रोज पहाटे शिजलेल्या भाताची पहिली वाटी घरच्या देव्हाऱ्यात पूर्वजांपुढं ठेवायची, ती याच शेतातल्या तांदळाची. सासूनं हे व्रत तिच्या ओटीत घातलं होतं आणि हात्सुएनं ते तापानं फणफणत असतानाही मोडलं नव्हतं. वाटी ठेवायची, उदबत्ती लावायची, हात जोडायचे, आणि मगच स्वतः पाणी प्यायचं.

गावच्या शेती मंडळाचे प्रमुख कुरामोतोसान महिन्यापूर्वी घरी आले होते. चहाचे दोन पेले होईपर्यंत त्यांनी हवेविषयी, गुडघ्याविषयी आणि रानडुकरांविषयी बोलून घेतलं. मग म्हणाले, "एइसाकुसानचा पाय बरा होईपर्यंत वरचं शेत मंडळानं सांभाळलं तर, म्हणजे तुम्हाला थोडी उसंत..."

"बरंच होईल," एइसाकु म्हणाला.

हात्सुएनं तिसरा पेला त्यांच्यापुढं ठेवला आणि पेल्याकडेच बघत म्हणाली, "यंदाची चिखलणी मी करून बघते."

"अर्थात, अर्थात!" कुरामोतोसान म्हणाले.

त्या 'अर्थात'चा अर्थ ठरून गेला. हात्सुएच्या पाणीपाळीत चिखलणी झाली तर शेत तिचं. नाही झाली तर मंडळाचं मोठं यंत्र येईल, लावणीही मंडळच करेल, आणि तांदूळ सगळ्या गावाच्या तांदळात मिसळून कोठीत जाईल. मंडळाकडं गेलेलं शेत परत आलेलं ओकुझावात अजून कुणी पाहिलं नव्हतं. देव्हाऱ्यातली वाटी मग पिशवीतल्या तांदळानं भरावी लागणार होती.

आज तिची पाळी होती. पाटाचं पाणी संध्याकाळी गावच्या भोंग्यावर गाणं वाजेपर्यंत तिचं. त्यानंतर शेताच्या तोंडाशी पाण्याला फळी टाकायची आणि पाणी खाली कुरामोतोसानच्या शेतात सोडायचं. वरचं शेत म्हणजे वाळूची चाळणी. चिखल नीट घोटून तळ बसला नाही तर सोडलेलं सगळं पाणी रातोरात पाझरून जाणार. म्हणजे पाणी वाहतं आहे तोवरच काम व्हायला हवं.

सकाळी वाटेत कुरामोतोसानच भेटले, काळ्या सुटात. देवळात त्यांच्या आईचं वर्षश्राद्ध होतं.

"काय सुरेख हवा पडलीय, हात्सुएसान! पाणीही आज अगदी भरभरून आहे. तुमचं आपलं निवांत चाललंय ना?"

"हो, अगदी निवांत. तुमच्या कृपेनं."

"वा, वा. निवांतच बरं." ते टाय सैल करत म्हणाले आणि आणखी थोडा वेळ तिथंच घुटमळले.

केवढा भला माणूस, हात्सुएच्या मनात आलं. आईच्या श्राद्धाच्या दिवशीसुद्धा आपली विचारपूस करतो.

वरच्या शेताची वाट देवळाच्या अंगणातून जायची. खडी पसरलेलं मोकळं अंगण, एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला फुमियोसान आणि चिहाया यांची घरं. हात्सुएनं नेहमीसारखी रेस अगदी खाली आणली, आणि बरोबर मधोमध आल्यावर ट्रॅक्टरनं टीं टीं टीं करून भोकाड पसरलं. पिवळा दिवा लाल झाला. इंजिनातला जीवच गेला. पेडल दाबावं तर ट्रॅक्टर म्हाताऱ्या बैलासारखा नुसता हुंकार देई आणि पाऊलभर सरकून थांबे.

तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही उपयोग झाला नाही.

वर्कशॉपच्या सेन्दाला फोन लावला तेव्हा मागं कुठंतरी हातोडा वाजत होता.

"लाल दिवा? काकू, तुम्ही काजळी जाळायचं थांबवत होता का?"

"कसली काजळी?"

"धुराड्याच्या आत एक गाळणी असते. डिझेलची काजळी तिच्यात साठते. भरली की ट्रॅक्टर आपणच ती तापवून जाळून टाकतो. पिवळा दिवा म्हणजे तेच. बटण दाबलं की ते थांबतं. गवताच्या गंजीजवळ वगैरे असलो तर थांबवायला दिलंय ते. किती वेळा थांबवलंत?"

"दर वेळी."

हातोडा वाजायचा बंद झाला. "दर वेळी?"

"लोक असतात हो आजूबाजूला."

"आणि रेस किती ठेवता?"

"कासवाचं चित्र आहे ना, तिथं."

"कासवावर!" सेन्दाला हसावं की रडावं कळेना. "काकू, कासवावर धूर गरमच होत नाही. नुसती काजळीवर काजळी. बरं, ऐका. आता पुढं जाऊ नका. अर्ध्या ताकदीवर चिखलात उतरलात तर तिथंच रुताल. खाली काय आहे, वाळकं गवत?"

"खडी आहे. देवळाचं अंगण."

"झकास! हँडब्रेक लावा, गिअर काढा, मागचा चिखल घोटायचा रोटर खाली टेकवा आणि तेच बटण या वेळी दाबून धरा, म्हणजे काजळी जळायला लागेल. इंजिन आपोआप मोठ्यानं चालेल, अर्धा तास. धुराड्याजवळ कुणी जाऊ नका, भट्टीसारखं तापतं. आणि मधे थांबवायचं नाही. या वेळी थांबवलंत तर मलाच कॉम्प्युटर घेऊन यावं लागेल, आणि लावणीच्या दिवसांत मी परवाच्या आत काही यायचा नाही."

"मोठ्यानं म्हणजे किती मोठ्यानं?"

"काका चालवायचे ना," सेन्दा म्हणाला, "तसं."

हात्सुए फोन हातात धरून उभी राहिली. देव्हाऱ्यातल्या उदबत्तीच्या भांड्यातली राख ती दर आठवड्याला चाळून घ्यायची, नाहीतर नवी उदबत्ती राखेत उभीच राहात नाही. हे तिला समजत होतं. आणि इथं महिनोन्‌महिने राखेवर राख साचू देत आपण शेजारधर्म पाळत बसलो!

देवळाच्या पायऱ्यांशी काळे बूट ओळीनं लावलेले होते. आत शुंकेई भिक्षूंचं पठण सुरू होतं. संथ, लाकडी ठोक्यावर चाललेलं. असा आवाज सुरू असताना हात्सुए खोकलासुद्धा गिळायची. आणि आता इथं, याच अंगणात, त्या आवाजात?

न सांगता गोंगाट करायचा नाही, हा ओकुझावाचा धर्म. घराचं छप्पर ठोकायचं असलं तरी आधी हातात काहीतरी गोड घेऊन घरोघर जायचं, मान लववायची, "आमच्यामुळं तुम्हाला त्रास होणार," असं सांगायचं. हात्सुएकडं डबा होता. बांबूच्या पानात गुंडाळून उकडलेले तांदळाचे गोळे, आत लाल घेवड्याचं गोड पुरण. शेतातल्या विसाव्यासाठी केले होते. तिनं ते रुमालात वाटून घेतले आणि चिखलाचे बूट झटकत फुमियोसानचं दार गाठलं.

"फारच त्रास देतेय हो तुम्हाला. थोडासा आवाज होईल."

"अगं, त्रास कसला! आत तरी ये."

"नको, घाईत..."

"म्हणजे चहा न घेता जाणार?"

चहा झाला. वर मुळ्याचं लोणचं आलं. परतभेट म्हणून फुमियोसाननं दोन बांबूचे कोंब जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिले, आणि बांधता बांधता आपल्या सुनेच्या कंबरेची साद्यंत हकिगत सांगितली. चिहायाकडं बाळ जागंच होतं, मुठी नाचवत होतं. तिथं पुन्हा चहा झाला, परतभेट म्हणून स्ट्रॉबेरी मिळाल्या, आणि "काकू, आमच्यामुळं तुम्हाला केवढा संकोच करावा लागतो," म्हणून चिहायानंच उलट माफी मागितली. माफीला माफी, भेटीला भेट. हात्सुए अंगणात परत आली तेव्हा सूर्य माथ्यावर आला होता, तिच्या पोटात चहा डुचमळत होता आणि ट्रॅक्टर जागचा हललेला नव्हता.

राहिलं होतं देऊळ. तिथं मात्र मधेच आत जाऊन सांगायची सोय नव्हती. ती शेवटचा रुमाल मांडीवर घेऊन पायरीवर बसली. पठण संपलं की भिक्षूंना सांगू, कुरामोतोसानना सांगू, मगच बटण दाबू. एक सूत्र संपलं. ती उठली. घंटा वाजली आणि दुसरं सुरू झालं. ती बसली.

पायरीवरून देवळाच्या कडेनं मागचं वरचं शेत दिसत होतं. पाटाचं पाणी बांधावरून चकाकत आत येत होतं आणि वाळूत जिरून जात होतं. येत होतं, जिरत होतं. मोठी माणसं म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. हात्सुएला वाटलं, ही बहीण आज आपल्या शेजारीच पायरीवर येऊन बसलीय आणि तिलाही चहा हवाय.

मग तिनं देवळाकडं तोंड करून हात जोडले. कुरामोतोसानच्या आईला मनातल्या मनात म्हणाली, "आजी, तुमच्या दिवशी मी धिंगाणा घालतेय. पण शेत हातचं जाईल हो. पोटात घाला." रुमाल तिनं बुटांच्या ओळीपाशी नीट ठेवला. ब्रेक लावला, गिअर काढला, रोटर खाली टेकवला, आणि बटण दाबून धरलं.

ट्रॅक्टरनं आधी एक खोल श्वास घेतला. मग तो गर्जला.

देवळाच्या छपरावरचे कावळे एकदम उठले. खिडक्यांची कागदी तावदानं फुरफुरू लागली. धुराड्यावरची हवा थरथरताना दिसत होती. आत पठण अडखळलं, एक क्षण थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं, या वेळी दुप्पट मोठ्यानं. शुंकेई भिक्षू तरुणपणी गावच्या उत्सवात ढोल वाजवायचे. लाकडी ठोका इंजिनाच्या तालावर धावायला लागला. हात्सुएनं कानावर हात ठेवले आणि डोळे घट्ट मिटले.

डोळे उघडले तर समोर कुरामोतोसान. काळा सूट, पायांत बुटांऐवजी देवळातल्या सपाता.

हात्सुए कमरेतून वाकली. पुन्हा वाकली. "अक्षम्य अपराध झालाय, कोणत्या तोंडानं..."

कुरामोतोसाननी कानामागं हात धरला. "काय?"

"म्हटलं, कोणत्या तोंडानं..."

"ऐकू येत नाही!"

"म्हणजे माझ्या हातून... आपल्या मातोश्रींच्या..."

"काय?"

हात्सुएनं आयुष्यात पहिल्यांदा पोटातून आवाज काढला. "माफ करा!"

"कशाबद्दल?"

"आवाजाबद्दल!"

कुरामोतोसाननी तोंड उघडलं. काहीतरी लांब, गोल, हवेपासून सुरू होणारं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं स्पष्ट दिसलं. पण त्या गर्जनेत असलं वाक्य टिकणार कसं? ते दोन शब्दांत वाहून गेलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. शेवटी काळ्या सुटातल्या त्या माणसानं दोन्ही हातांचा कर्णा केला आणि तो ओरडला,

"आवाजाचा त्रास नाही! हळूपणाचा आहे!"

"काय?"

"तुम्ही! फार! हळू!"

हात्सुएनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"सगळा गाव थांबतो! तुमच्या मागं! रस्त्यावर! पाण्याला!" कुरामोतोसानचा चेहरा लाल झाला होता, ओरडण्यानं की शरमेनं कुणास ठाऊक. "एइसाकुसान बरे होते! अर्ध्या दिवसात मोकळे व्हायचे!"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! सकाळी! निवांत चाललंय ना, म्हणून!"

हात्सुएला आता ते सकाळचं घुटमळणं कळलं. रस्त्यात मागून येणाऱ्या छोट्या ट्रकमधल्या लोकांचे हसरे चेहरे कळले. "हवा छान आहे" म्हणत पाटाजवळ उभे राहणारे लोक कळले. अख्खा गाव तिला काही बोलायला भीत होता, आणि ती अख्ख्या गावाला काही ऐकू जाऊ नये म्हणून जपत होती. तिला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात धरला, पण या गोंगाटात हात धरून तरी काय उपयोग होता! ती मोठ्यानं हसली. ते बघून कुरामोतोसानही हसले आणि लगेच देवळाकडं बघून गंभीर झाले.

तेवढ्यात चिहाया बाळाला पाठीशी बांधून अंगणाच्या कडेला आली. बाळाचं डोकं तिच्या खांद्यावर लोंबत होतं. ढाराढूर झोपलं होतं.

"काकू!" ती ओरडली. "रोज करा!"

खिशात फोन थरथरला. एइसाकु.

"अगं, आपला ट्रॅक्टर चोरीला गेला! इथवर आवाज येतोय, कुणीतरी पळवतोय!"

"मीच आहे!"

"कोण?"

"मी! तुमची बायको!" आणि तिनं फोन खिशात टाकला.

अर्ध्या तासानं ट्रॅक्टर आपणहून शांत झाला. लाल दिवा गेला, पिवळाही गेला. पेडलला पाय लावला तर ट्रॅक्टर तट्टूसारखा उसळला. हात्सुएनं अंगण ओलांडताना सवयीनं हात कासवाकडं नेला, मग सशाच्या चित्राकडं सरकवला. खडी उडाली. ती मागं वळून माफी मागायला निघाली होती, पण चढ आला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर लागले.

वरच्या शेतात रोटर फिरायला लागला आणि माती-पाण्याचं पीठ झालं. चिखल पंख्यासारखा मागं उडत होता. याआधी ती चिखल पुचपुचत कालवायची, ढेकळं तशीच राहायची. आता रोटर पुरणयंत्रासारखा चालत होता. एका कोपऱ्यात ट्रॅक्टर वळवताना चिखलाचा सपकारा थेट शेतापर्यंत वर आलेल्या फुमियोसानच्या परसाच्या कुंपणावर गेला. तिथं आज गाद्या नव्हत्या, हे देवाचंच देणं. मागं बगळे उतरले, बेडकांच्या आशेनं. त्यांनाही ट्रॅक्टरमागं आता धावावं लागत होतं.

दुपार कलली तशी वाळू हळूहळू तृप्त झाली. पाणी जिरायचं थांबलं. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत ते सारखं उभं राहिलं, आणि त्यात उलटा डोंगर उतरला. हात्सुएनं रेस कमी केली आणि ट्रॅक्टर बांधाशी आणून उभा केला. भोंगा अजून वाजला नव्हता.

कुरामोतोसान फळीजवळ उभे होते, सुटाची विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून. श्राद्ध आटोपून, जेवणाऱ्यांना वाटेला लावून आले असावेत. त्यांनी शेताकडं नजर टाकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग घसा खाकरला.

"काय सुरेख संध्याकाळ आहे," ते म्हणाले. "आणि आज तुम्ही केवढे कष्ट घेतलेत, हात्सुएसान. खरंच, कुणालाही कौतुक वाटेल. तरीपण, म्हणजे एइसाकुसानच्या पायाचं बघता, लावणी, पुढं बेणणी, रानडुकरांचं कुंपण... मंडळाच्या लोकांना तुमची काळजी वाटते हो. तुम्हाला उगाच ओझं नको म्हणून, अगदी सहज..."

तो मऊ, ऊबदार आवाज हात्सुएच्या कानात गेला आणि तिची मान आपोआप लवायला लागली. ओठांवर "आपण म्हणता तेही खरंच" येऊन बसलं. आणखी एक वाक्य, आणखी एक नमस्कार, आणि शेत हसतमुखानं देऊन ती घरी जाणार होती. हे तिला स्वतःचं स्वतःला दिसत होतं.

तिनं हात पुढं केला आणि रेस सशापर्यंत नेली.

बगळे उडाले. कुरामोतोसानचे ओठ हलत राहिले.

"काय?" हात्सुए ओरडली.

त्यांनी पुन्हा काहीतरी म्हटलं.

"ऐकू येत नाही!"

कुरामोतोसान थांबले. ट्रॅक्टरकडं पाहिलं, तिच्या हाताकडं पाहिलं, आणि काय चाललंय ते त्यांच्या लक्षात आलं. हातांचा कर्णा करून ते ओरडले, "शेत! देणार?"

"नाही!" हात्सुए म्हणाली. त्याला दुसरं शेपूट तिनं जोडलं नाही.

"लावणी?"

"मी करणार!"

"जमेल?"

"बघा की!"

कुरामोतोसाननी शेताकडं बोट केलं, मान डोलावली, आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "मग पाणी द्या! लवकर!"

ते खाली वाकले. हात्सुएही खाली उतरली, आणि दोघांनी मिळून फळी टाकली.